एक्सप्रेसच्या थांब्याआधी खानापूरला लोकल हवी

बेळगावजवळच्या खानापूर स्टेशनवर एखादी नवी एक्सप्रेस थांबायला लागली की त्या दिवशी फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. इंजिनाला हार, लोको पायलटला पेढे, पुढाऱ्यांच्या घोषणा. हा आनंद खोटा नाही. निवेदनं देऊन, हुबळीच्या रेल्वे कार्यालयात खेपा घालून, रेल रोकोचे इशारे देऊन मिळवलेला तो थांबा असतो. पण हार सुकल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी, त्या गाडीतून खानापूरला कोण उतरतं आणि कोण चढतं हे कुणी बघत नाही. मी बघत आलो आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे. सीमाभागातल्या छोट्या स्टेशनांसाठी आपण मागण्यांचा क्रम उलटा लावला आहे. एक्सप्रेसचा थांबा ही दुसरी मागणी. पहिली मागणी हवी ती लोंढा, खानापूर, बेळगाव, घटप्रभा या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ धावणाऱ्या साध्या लोकल गाडीची. माणसाला सकाळी घरातून निघून कामावर वेळेत पोचता यावं आणि त्याच दिवशी दिवेलागणीपर्यंत परत येता यावं, एवढं जी गाडी करते ती छोट्या स्टेशनची खरी गाडी.

खानापूर ते बेळगाव अंतर पंचवीसेक किलोमीटर. रोज या अंतरावर ये-जा करणारे लोक कोण आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. टिळकवाडीच्या कॉलेजांत जाणारी पोरं-पोरी, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमधले कामगार, दुकानांत कामाला जाणाऱ्या बायका, कोर्टाची तारीख असलेले शेतकरी, सिव्हिल हॉस्पिटलला निघालेले म्हातारे. सकाळी गुंजीच्या फाट्यावर उभं राहिलं की चित्र दिसतं. लोंढ्याकडून येणारी बस भरूनच येते. कंडक्टर दारातूनच हात हलवतो. मग पाठीवरची सॅक पोटाशी घेऊन पोरी वडापच्या, म्हणजे खासगी जीपच्या, मागच्या बाकड्यावर बसतात, चार जणांच्या जागेवर सहा. शेवटचा पोरगा पायरीवर एक पाय टेकून वरची दांडी धरतो आणि गाडी चालू झाल्यावर दुसरा पाय आत घेतो. खानापुरात उतरून पुन्हा बेळगावची बस. आणि फाट्यापासून थोड्याच अंतरावर रेल्वेचे दोन रूळ आहेत, वर विजेची तार आहे, फलाट आहे.

एक्सप्रेसने यांची सोय होईल असं आपण धरून चालतो, ती होत नाही. या मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्या राजस्थान, गुजरात, मुंबई, पुण्याहून बेंगळूरकडे जाणाऱ्या आणि तिकडून परतणाऱ्या. त्यांचं वेळापत्रक मोठ्या शहरांच्या सोयीने ठरतं, आणि तसंच ठरायला हवं. बेंगळूरला सकाळी पोचणारी गाडी खानापूरवरून रात्रीच जाणार. शिवाय हजार किलोमीटर पळून आलेली गाडी दोन तास उशिरा आली तर लांबच्या प्रवाशाला फारसं काही वाटत नाही, पण नऊच्या लेक्चरला निघालेल्या पोराचा दिवस बुडतो. जनरलचे डबे मोजके आणि तेही मागून भरून आलेले. त्यात भाड्याचा फरक. साध्या पॅसेंजरचं कमीत कमी तिकीट १० रुपये, मेल-एक्सप्रेसचं ३०. कोविडनंतर पॅसेंजर गाड्या परत सुरू झाल्या त्या ‘स्पेशल’ म्हणून, एक्सप्रेसच्या भाड्याने. २०२४च्या फेब्रुवारीत हे भाडं पुन्हा साधं होईपर्यंत रोजच्या माणसाची रेल्वेची सवयच मोडली होती. बांधकामावर जाणारा माणूस जाता-येता ६० रुपये देऊन बेळगावला जाणार नाही.

आहेत त्या पॅसेंजर गाड्यांबद्दलही हेच. सबंध मार्गाचा विचार करून त्या आखलेल्या असतात. कॉलेज कधी भरतं, कारखान्याची पाळी कधी सुटते, हे पाहून त्यांची वेळ ठरलेली नाही. सकाळची गाडी सोयीची असली तर संध्याकाळची नसते, आणि परतीची खात्री नसली की माणूस जातानाही रेल्वेने जात नाही.

सैनिकांचा आणि बाहेरगावी नोकरीला असलेल्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. खानापूर तालुक्यातले कितीतरी जवान सुट्टीवर येतात, पुण्याला आणि गोव्याला कामाला गेलेली तरुण मंडळी गणपतीला घरी येतात. ट्रंक घेऊन मध्यरात्री बेळगावला उतरलेल्या जवानाला गावी पोचायला रिक्षावाल्याच्या मनधरण्या कराव्या लागू नयेत. त्यांच्यासाठी मुंबई-पुण्याच्या एक-दोन गाड्या खानापूरला थांबल्याच पाहिजेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण ही वर्षातून चार-सहा वेळांची गरज आहे. रोजची गरज त्याहून कितीतरी मोठी आहे, आणि तिच्यासाठी इंजिनाला हार घालायला कुणी येत नाही.

पूर्वी रेल्वेकडे एक बिनतोड कारण होतं. लाईन एकेरी. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टाकलेला हा मार्ग शंभर वर्षं मीटरगेज राहिला आणि १९९०च्या दशकात रुंद झाला, पण एकेरीच. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीला लूप लाईनवर उभं राहावं लागतं, आणि उभी राहणारी गाडी बहुतेक वेळा पॅसेंजरच. ज्यांनी त्या काळी देसूरला किंवा इदलहोंडला क्रॉसिंगसाठी तिष्ठत बसलेल्या गाडीतून प्रवास केला आहे, त्यांना हे सांगायला नको. ते कारण आता उरलेलं नाही. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधानांनी बेळगावात येऊन सुमारे १९० कोटी खर्चून बांधलेल्या नव्या स्टेशन इमारतीचं उद्घाटन केलं आणि लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरीकरण राष्ट्राला अर्पण केलं. त्या दुहेरीकरणाचा खर्च सुमारे ९३० कोटी. विद्युतीकरणही झालं. मुरगाव बंदरातून येणारा कोळसा कॅसलरॉकचा घाट चढून लोंढ्याला येतो आणि तिथून अळणावर-हुबळीकडे वळतो. म्हणजे लोंढा-खानापूर-बेळगाव या तुकड्यावर मालगाड्यांचा तो भारही नाही.

मग या दुसऱ्या रुळाचा उपयोग कुणाला झाला? सप्टेंबर २०२४ मध्ये हुबळी-पुणे वंदे भारत सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये बेळगाव-बेंगळूर वंदे भारत आली. दोन्ही चांगल्या गाड्या आहेत, त्या आल्याचा मलाही आनंद आहे. दोन्ही खानापूरवरून न थांबता जातात, आणि त्या थांबाव्यात असं मी म्हणणारही नाही. पण दुहेरीकरणाच्या कामात ज्यांच्या शेताजवळची फाटकं बंद झाली, ज्यांना आता बैलगाडी, ट्रॅक्टर वळसा घालून पावसात पाणी साचणाऱ्या भुयारी मार्गातून न्यावा लागतो, त्या गावांच्या वाट्याला त्या रुळावरची एकही नवी गाडी येऊ नये, हे मला पटत नाही. त्या ९३० कोटींत त्यांचाही पैसा आहे.

रेल्वेचं उत्तर ठरलेलं असतं. स्टेशनचं उत्पन्न पुरेसं नाही. हा हिशेब नीट पाहायला हवा, कारण सगळी मेख इथेच आहे. जी गाडी खानापूरला थांबत नाही तिचं आरक्षण खानापूरचा माणूस बेळगावहून करतो. ते उत्पन्न बेळगावच्या खात्यात. संध्याकाळी परत येताना तिकीट बेळगावच्या खिडकीवर काढतो. तेही बेळगावचं. सोयीच्या वेळेची गाडी नसल्यामुळे जो बसने जातो, तो रेल्वेच्या कुठल्याच वहीत सापडत नाही. आधी गाडी द्यायची नाही, मग तिकीट विकलं गेलं नाही म्हणून दाखवायचं, आणि त्या आकड्याच्या आधारावर पुन्हा गाडी नाकारायची. सहा महिन्यांच्या प्रायोगिक थांब्याचंही असंच. रात्री-अपरात्री थांबणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक मिळालं नाही, एवढ्यावरून खानापूरला रेल्वेची गरज नाही असा निष्कर्ष कसा निघतो? स्टेशनची गरज तिथे विकलेल्या तिकिटांवरून नव्हे, तिथून रोज बाहेर जाणाऱ्या माणसांवरून मोजली पाहिजे, मग ती माणसं आज बसने जात असोत की वडापने.

आता एक आक्षेप, जो खरोखर वजनदार आहे. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. मग दहा रुपये देऊन रेल्वेने कोण जाईल? काही बायका जाणार नाहीत, हे मान्य. शक्ती योजनेने आमच्या भागातल्या बायकांना जी मोकळीक दिली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. माहेरी जायला, दवाखान्याला जायला नवऱ्यापुढे हात पसरायची गरज राहिली नाही. पण बस मोफत झाली तेव्हा बसची संख्या त्या मानाने वाढली नाही, आणि सकाळच्या वेळी तर दारात लोंबकळणं आलं. तिकीट काढून उभा राहणारा पोरगा आणि मोफत तिकिटावर उभी राहणारी पोरगी दोघंही तितकीच घुसमटतात. दुसरं असं की रेल्वेची सवलत आपल्याकडे कुणी सांगतच नाही. शाळा-कॉलेजला जाण्यासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. कॉलेजचा दाखला जोडायचा एवढंच. पास आहे, पण त्या पासावर चढायला वेळेची गाडी नाही, म्हणून तो कुणी काढत नाही.

रस्ता चौपदरी झाला, आता रेल्वे कशाला, असंही म्हणतात. बेळगावपासून खानापूरपर्यंत रस्ता झाला, गणेबैलला टोलनाका बसला. पण खानापूरच्या पुढे लोंढा, रामनगर, अनमोडकडच्या रस्त्याने पावसाळ्यात किती वर्षं लोकांचे हाल केले ते या भागात राहणाऱ्याला विचारा. गुंजी, लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक हा सगळा जंगलाचा, धो-धो पावसाचा पट्टा. इथे वाडीवर बस येणं बंद झालं की आठवडाभर बंद. लोंढा तर रेल्वेनेच वसवलेलं गाव. मिरजेकडची, हुबळीकडची आणि गोव्याकडची अशा तिन्ही लाईनी तिथे मिळतात. गोवा पोर्तुगीजांकडे असताना कॅसलरॉकला हद्दीची तपासणी होत असे आणि रेल्वेने गोव्याला जाणारा प्रत्येक माणूस लोंढ्यावरून जाई. ज्या गावाचं पोटच रेल्वेवर आहे, तिथल्या पोराला शेजारच्या शहरात कॉलेजला जायला रेल्वे उपयोगी पडत नाही. लोंढ्यात दहावीनंतर शिक्षण सोडणाऱ्या मुलींच्या आईबापांशी बोलून बघा. घरची गरिबी हे एक कारण सांगतात, आणि दुसरं हमखास, “संध्याकाळी यायला काय नाही हो.”

मेमू, म्हणजे विजेवर धावणारी लोकल गाडी, या कामासाठीच बनवलेली असते. इंजिन फिरवून लावायची भानगड नाही, दोन्ही टोकांना चालकाची केबिन, सुटताना वेग लवकर घेते, त्यामुळे पाच-सात किलोमीटरवर थांबत गेली तरी फार वेळ जात नाही. इदलहोंड, देसूर, सांबरा, सुळेभावी अशा स्टेशनांवर दुसरं काय थांबणार? आणि अशी गाडी आलीच तर आणखी एक थांबा मागायला हवा, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बेळगावात तिसऱ्या गेटच्या आसपास एक हॉल्ट. उद्यमबाग तिथून जवळ. आज रेल्वेने आलेला कामगार मुख्य स्टेशनपर्यंत जातो आणि मग उलटा चार-पाच किलोमीटर मागे येतो, रिक्षाचे पैसे वेगळे. कुठल्याही कामगाराला हे परवडत नाही, म्हणून तो मोटारसायकल घेतो, आणि खानापूर रोडवरच्या अपघातांच्या बातम्यांत त्याच मोटारसायकली असतात. टिळकवाडीची निम्मी कॉलेजंही मुख्य स्टेशनपेक्षा तिथून जवळ पडतात. उंच फलाट, शेड, दिवे आणि एक तिकीट खिडकी. १९० कोटींची इमारत उभी राहते तिथे एवढ्याला पैसा नाही असं कोण म्हणेल?

आता घाई का, ते सांगतो. बेळगाव-धारवाड थेट रेल्वेमार्ग. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री होते तेव्हा, २०२० मध्ये, त्याला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरात कोविडने त्यांचं निधन झालं. आज बेळगावहून धारवाडला रेल्वेने जायचं तर खानापूर, लोंढा, अळणावर असा १२० किलोमीटरच्या आसपास वळसा पडतो. कित्तूरवरून जाणारा नवा मार्ग सुमारे ७३ किलोमीटरचा. गर्लगुंजी, नंदिहळ्ळी, देसूर भागातल्या शेतकऱ्यांनी सुपीक जमीन जाते म्हणून त्याला विरोध केला, दुसरा मार्ग सुचवला, तो वाद वेगळा आणि मोठा आहे. त्यांची बाजू मला न्याय्य वाटते. पण मार्ग कुठूनही गेला तरी एक गोष्ट नक्की. तो झाला की बेंगळूरकडे जाणाऱ्या गाड्या खानापूर-लोंढ्याचा वळसा कशाला घेतील? वंदे भारत आधी जाईल, मग सुपरफास्ट, मग बाकीच्या. जुन्या मार्गावर गोव्याच्या गाड्या राहतील, आणि काही थोड्या. आज ज्या थांब्यांसाठी आपण झगडतो, त्या गाड्याच उद्या या स्टेशनवरून जाणार नाहीत. लोकल गाडीचं तसं नाही. ती या पट्ट्यासाठीच असेल, आणि एक्सप्रेस कमी झाल्या तर उलट तिला मोकळा रूळ मिळेल. म्हणून नवा मार्ग पुरा होण्याआधी, जुन्या मार्गावर रोज किती लोकल धावतील हे लेखी घेतलं पाहिजे.

उत्तरेकडच्या टोकाची तऱ्हा निराळी. रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ इथल्या माणसाला मिरज जवळची. १८९४ मध्ये सुरू झालेलं मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल या सगळ्या मुलखाचा दवाखाना ठरलं, आणि त्याच्या मागोमाग तिथे शेकडो डॉक्टर बसले. पण मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, आणि बेळगावकडचा मार्ग नैर्ऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात. राणी चन्नम्मा एक्सप्रेस पूर्वी कोल्हापूरपर्यंत जायची, तो प्रवास तुटला. रुग्णाला घेऊन मिरजेत जिने चढ-उतार करून दुसरी गाडी गाठणाऱ्याला दोन विभागांच्या हद्दीशी काय देणंघेणं? लोकलची मागणी करताना घटप्रभेवर थांबू नये, मिरजेपर्यंत एक तरी फेरी मागावी.

ही मागणी मराठी माणसाची म्हणून मांडू नये, असं मला कळकळीने वाटतं. सीमाप्रश्नावर माझी मतं आहेत आणि ती मी लपवत नाही. पण इटगी, बिडी, पारिश्वाडचा कन्नड शेतकरी आणि जांबोटी, गुंजीचा मराठी शेतकरी एकाच बसच्या दारात लोंबकळतात. हे निवेदन दोन्ही भाषांत लिहावं आणि दोघांनी मिळून न्यावं. हुबळीच्या अधिकाऱ्यासमोर एका बाजूने मराठी मंडळी आणि दुसऱ्या दिवशी कन्नड मंडळी वेगवेगळी गेली, तर दोन्ही कागद एकाच कपाटात जातात.

आणि निवेदनासोबत आकडे न्यावेत. जून-जुलैत कॉलेजचे प्रवेश होतात तेव्हा प्रत्येक कॉलेजकडे मुलांचे पत्ते असतात. लोंढा, गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर या पट्ट्यातली किती मुलं रोज येतात, त्यांचं कॉलेज कधी भरतं, कधी सुटतं, हे आठवडाभरात काढता येतं. उद्यमबागेतल्या कारखान्यांकडे पाळीप्रमाणे हजेरी असते. ग्रामपंचायतींनी एका सोमवारी सकाळी सहा ते दहा फाट्यावर माणूस बसवून बस आणि वडापमधली डोकी मोजावीत. विभागीय प्रवासी सल्लागार समितीत बेळगावची माणसं असतात, त्यांच्या हातात हे कागद द्यावेत. त्यावर मागणी एकाच ओळीची असावी. सकाळी आठच्या आत बेळगावला पोचणारी आणि संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या दरम्यान बेळगावहून सुटणारी मेमू, लोंढ्यापर्यंत, साध्या भाड्याने, पुढच्या वेळापत्रकापासून.